समस्त नागरिक

माझं अक्षर चांगलं आहे. यात बढाई नाही. एकतीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या माणसाचं अक्षरसुद्धा चांगलं नसेल, तर त्याने पगार कशाचा घेतला, असं लोक विचारतील. सोलापुरातल्या एका मराठी शाळेत मी मुलांकडून फुलदाणी, पेरू आणि 'जत्रेतील दृश्य' काढून घेतलं. त्यातून चित्रकार एकही निघाला नाही. दोघे जण फ्लेक्सच्या धंद्यात शिरले आणि हाताने अक्षर काढणाऱ्यांचं गावातलं काम त्यांनीच संपवलं. तरीही आमच्या कॉलनीत एक फळा अजून शिल्लक आहे. गेली बावीस वर्षं तो मी लिहितो.

फळा पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर आहे. गिरणी अण्णांची. अण्णा अक्कलकोटकडचे. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि गिरणीचा पट्टा तुटला की दोन्ही. त्यांनी भिंत दिली, मी अक्षर दिलं. खडूंचा डबा आणि फडकं गिरणीतल्या फळीवर असतं, वर ज्वारीच्या पिठाचा थर. पहाटे गिरणी सुरू होण्याआधी मी जातो, लिहितो आणि घरी येऊन चहा पितो. त्यामुळे मला लिहिताना फार थोड्यांनी पाहिलंय. जुन्या लोकांना माहीत आहे. नव्यांना वाटतं, फळा आपोआप लिहिला जातो. पाणी आपोआप येतं असं मात्र सोलापुरात नव्या माणसालाही वाटत नाही.

पाणी हाच फळ्याचा खरा विषय. आमच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी येतं, कधी पाच. महापालिकेचा चावीवाला, म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्यात लोखंडी दांडा घालून व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस, आदल्या दिवशी अण्णांना वेळ सांगतो. अण्णा मला सांगतात आणि मी ती फळ्यावर घेतो. पाण्याच्या वेळेखाली जागा उरली तर सुविचार. कुणी गेलं तर श्रद्धांजली. देशात काही भयंकर घडलं तर जाहीर निषेध. पण उद्या पाणी असेल तर निषेधही पुसला जातो, आणि यावर आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

फळ्याचे नियम दोन. पहिल्याच वर्षी एका मंडळाचा अध्यक्ष स्वतःच्या वाढदिवसाचा मजकूर घेऊन आला होता. अण्णांनी त्याला पिठाच्या हातांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "एकाचं नाव घातलं की उद्या धा जणं दारात हुबी ऱ्हातील. हितं नाव फकस्त गेलेल्याचं." तेव्हापासून जिवंत माणसाचं नाव फळ्यावर आलेलं नाही. दहावीला पहिल्या आलेल्या मुलीचंही मी लिहिलं नाही, तर तिची आई पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. दुसरा नियम यातूनच निघाला. मजकूर कुणाचाही असो, खाली सही एकच: समस्त नागरिक.

मी मुसलमान आहे. हे इतक्या उशिरा सांगतोय, कारण आतापर्यंतच्या मजकुराला त्याची गरज पडली नाही.

मागे देशात एके ठिकाणी दहशतवादी हल्ला झाला. कुठला ते लिहीत नाही. त्यानंतर आपल्याकडे जे होतं ते दरवेळी सारखंच होतं, त्यामुळे वाचणाऱ्याने आपल्या आठवणीतला कुठलाही घ्यावा. संध्याकाळभर टीव्हीवर तेच चाललं होतं. एक म्हातारा बाप दवाखान्याच्या पायरीवर बसला होता, एकाच पायात चप्पल, आणि कॅमेरा त्याच्यावरून हलायला तयार नव्हता. मला वाईट वाटलं. हे वेगळं सांगावं लागतंय, हीच या लिहिण्यातली अडचण आहे.

असल्या बातमीला मी दोनदा घाबरतो. एकदा सगळ्यांबरोबर, आणि मग मारणाऱ्यांची नावं कळेपर्यंत एकटा. नावं कळली. बायकोने टीव्ही बंद केला आणि भाकरी थापायला घेतली. त्या संध्याकाळी आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीपेक्षा लवकर फळ्याकडे गेलो. 'भ्याड दहशतवादी हल्ल्याचा जाहीर निषेध. मृतांना भावपूर्ण श्रद्धांजली.' निषेध लाल खडूने, बाकी पांढऱ्याने, भोवती दुहेरी चौकट. खाली, समस्त नागरिक. थोडं लांब जाऊन पाहिलं. ओळ सरळ होती. ओळ वाकडी झाली तर मला दिवसभर चैन पडत नाही, मग मजकूर काहीही असो.

नऊच्या सुमारास कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या फळ्याचा फोटो आला. टाकणारे होते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब. मूळचे नातेपुत्याकडचे, दोन वर्षांपूर्वी गिरणीसमोर बंगला बांधून राहायला आलेले. माणूस वाईट नाही. माझ्या बायकोचे गुडघे दुखतात हे कळल्यावर त्यांनी स्वतःहून एका डॉक्टरांचा नंबर आणून दिला होता. फोटोखाली त्यांनी लिहिलं होतं: 'आपण सर्वांनी या भ्याड हल्ल्याचा निषेध केला आहेच. आपल्या कॉलनीतील मुस्लिम बांधवांनीही पुढे येऊन जाहीर निषेध करावा, ही नम्र अपेक्षा.'

कॉलनीत मुसलमानांची चार घरं. त्यांतलं एक कायम बंद असतं, कारण मुलगा पुण्याला आहे. म्हणजे अपेक्षा तीन घरांकडून होती, आणि त्यातल्या एका घराने ती पहाटे साडेपाचलाच पूर्ण करून ठेवली होती. तिचाच फोटो वर लावलेला होता.

मला आधी हसू आलं, हे कबूल करतो. मग मी वाट बघायला लागलो. ग्रुपवर अंगठे येत होते, नमस्कार येत होते, तिरंगे येत होते. मी एकाच वाक्याची वाट बघत होतो: 'अहो साहेब, तो फळा त्यांनीच लिहिलाय.' हे लिहू शकतील असे निदान पंधरा लोक त्या ग्रुपवर होते. त्यांतल्या काहींच्या आईबापांची नावं मी त्याच फळ्यावर चौकटीत लिहिली होती. एकाने तर आईच्या नावामागे 'सौ.' राहिलं म्हणून मला पुन्हा लिहायला लावलं होतं. त्याचाही अंगठा आला. दुपार झाली तरी ते वाक्य आलं नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मला आजही मान्य आहे. पण मला लागलं ते लागलंच.

"तुमेइच लिखो ना गुरुप पे," बायको म्हणाली. "मैंइच लिख्या करके बोल दो."

"नक्को."

"फिर मुंह काय कू उतर्‍या?"

मी सांगितलं तर तो खुलासा होतो आणि दुसऱ्याने सांगितलं तर ती साक्ष, हे मला तेव्हा नीट मांडता आलं नाही. बायको भांडी घासता घासता थांबली. तिला जे बोलायचं असतं ते ती नेहमी पाठमोरी बोलते.

"हौर वो टैम काय कू नै लिखे?"

ती कुठल्या वेळेबद्दल बोलतेय, हे विचारायची गरज नव्हती. काही महिन्यांपूर्वी एका हमरस्त्यावर जमावाने एका माणसाला संशयावरून मारून टाकलं होतं. माणूस आमच्यातला होता. त्या दिवशीही पहाटे मी फळ्यापुढे उभा होतो, हातात लाल खडू होता. 'निषेध' मला लिहिता आला असता. अडलं ते खालच्या सहीपाशी. दहशतवाद्यांचा निषेध करताना 'समस्त नागरिक' लिहायला मला कधी कुणाला विचारावं लागलं नाही. या मजकुराखाली लिहायचं तर समस्तांना विचारावं लागेल, असं वाटलं. मी पाण्याची वेळ लिहिली आणि घरी आलो. त्या दिवशी कुणी कुणाकडून नम्र अपेक्षा केली नव्हती. मीही केली नाही.

मग प्रामाणिकपणे हेही लिहायला हवं, की हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी मी इतक्या पहाटे का जातो. म्हाताऱ्या बापाची ती एक चप्पल हे कारण खरं आहे. पण आभाळ भरून आलं की माणूस छत्री उघडतो, तसंही त्यात काही असतं. कुणी विचारायच्या आत उत्तर देऊन ठेवायची सवय मला लागली आहे. ती कधी लागली, मला आठवत नाही.

चार वाजता मी दळण घेऊन गिरणीत गेलो. अण्णांनी गिरणी बंद केली, म्हणजे काहीतरी बोलायचं होतं.

"मास्तर, बगितलं म्या त्ये मोबाईलवर."

"मग लिहायचं होतं की, फळा कोण लिहितं ते."

"मला कुटं लिवता येतंय त्याच्यावर? मी सिद्धरामेश्वराचा फोटू फुडं सारतोय सकाळी, तेवडंच." त्यांनी डोळ्यांवरचं पीठ पुसलं. "तुमी खाली नाव टाकून द्या की एकदा. मिटतंय मग. लई विचार करू नका. बिडरी, सोडून द्या."

"अण्णा, जिवंत माणसाचं नाव नाही टाकायचं, हा तुमचाच नियम."

"एकदा मोडला तर काय हुतंय?"

मला राग आला, पण अण्णांचा नव्हे. म्हणून मी शिक्षकी पवित्रा घेतला. "अण्णा, मागच्या महिन्यात पेपरात आलं होतं, कुठल्या तरी गिरणीवाल्याने पिठात भेसळ केली म्हणून. तुम्ही जाहीर निषेध केला का त्याचा?"

"म्या कशाला? म्या न्हाय केली भेसळ."

"पण गिरणीवालेच ना तुम्ही?"

"व्हय. पर त्यो कोण, कुटला. मला काय म्हाईत?" असं म्हणून अण्णा थांबले. मग माझ्या डब्याकडे बघत म्हणाले, "तुमच्यासंगं बोलून मी कवा जिंकलोय, मास्तर." आणि त्यांनी गिरणी सुरू केली. मुद्दा त्यांच्या ध्यानात आला होता. पण तो ध्यानात येऊन उपयोग काय, हा त्यांचा प्रश्न गिरणीच्या आवाजातही मला ऐकू येत होता. चार शब्द लिहून सुटका होत असेल तर माणसाने लिहावेत. व्यवहार म्हणून अण्णांचं चूक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे फळा बघायला गेलो तर खालची ओळ गेलेली. कुणीतरी ज्वारीची पोती भिंतीला टेकवून ठेवली होती, त्यात सही पुसली गेली. मी 'समस्त' पुन्हा लिहीत असताना मागे बुटांचा आवाज थांबला. साहेब फिरायला निघाले होते.

"अरे, सर, तुम्ही? म्हणजे हे अक्षर तुमचं?"

"हो."

"कधीपासून?"

"भिंत आहे तेव्हापासून."

त्यांचा चेहरा उतरला, तो खरा उतरला. "मला खरंच माहीत नव्हतं. माफ करा," ते म्हणाले. मला बरं वाटलं. मी मान हलवली आणि 'नागरिक' लिहायला घेतलं. तेवढ्यात त्यांना काहीतरी सुचलं.

"मग तर फारच चांगलं झालं, सर. खाली फक्त तुमचं नाव टाका. सगळ्यांना कळू दे."

"काय कळू दे?"

"की तुम्हीपण निषेध केलाय."

"तो झालाय ना. तुम्ही फोटोही काढलात."

"तो सगळ्यांचा झाला. मी तुमचा म्हणतोय."

हे ते कुठलाही खवचटपणा न करता बोलत होते. कालव्याचं पाणी कुठल्या दारातून कुठे जातं हे समजावून सांगावं तसं. मग त्यांनी आवाज खाली आणला. "राग मानू नका. माझा भाचा सैन्यात आहे. असलं काही झालं की माझी बहीण दोन दोन दिवस जेवत नाही. तुमच्यातल्या कुणीतरी मोठ्याने म्हणावं, की आम्ही तुमच्याबरोबर आहोत. एवढंच वाटतं हो. चुकीचं आहे का?"

त्यांची बहीण मी पाहिलेली नाही. पण न जेवणारी बाई मला दिसली आणि माझा हात खरोखरच वर गेला. सहीखाली वीतभर जागा होती. माझं नाव तिथे आरामात बसलं असतं. खडू टेकवला आणि वरच्या ओळीकडे लक्ष गेलं. समस्त नागरिक. त्या दोन शब्दांत मी बावीस वर्षं होतो. कुणी मला तिथे बोलावून बसवलं नव्हतं, मीच लिहिलं होतं आणि मीच बसलो होतो. आता त्याखाली वेगळं नाव लिहिलं, की मी तिथून उठून बाहेरच्या पायरीवर येऊन बसणार. निषेध साहेबांना आधीच मिळाला होता. त्यांना हवं होतं ते मी पायरीवर दिसणं, आणि हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

"बघतो," मी म्हणालो.

"बघा," ते म्हणाले. दोघांनाही तेवढ्याने सुटल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी चावीवाला येऊन गेला. अण्णांनी गिरणीतूनच हाक दिली, "मास्तर, उद्या पाचला पाणी हाय!" आणि ते देवापुढे दिवा लावायला आत गेले. पाणी पहाटेचं असलं की मी आदल्या संध्याकाळीच लिहितो, म्हणजे निषेध आताच पुसायचा होता. अंधारून आलं होतं. दिवसभर तो विषय डोक्यात घोळत होता, आणि रागात मी कामं घाईने करतो. फडकं बुडवलं, न पिळताच फळ्यावरून एकदा फिरवलं. फळा काळाभोर, चकचकीत दिसला. ओला फळा स्वच्छच दिसतो. खरं काय ते वाळल्यावर कळतं. हे मी शाळेत हजार वेळा ओरडून सांगितलेलं आहे.

वर लिहिलं: 'उद्या पहाटे ५ ते ६.३० पाणी येईल.' सुविचार लिहिला नाही. आणि अगदी खाली, सहीच्या जागी, पांढऱ्या खडूने माझं नाव लिहिलं. वडिलांचं नाव, आडनाव, सगळं. वरच्या ओळीपेक्षा दुप्पट मोठं. नाव हवंय ना, घ्या. बावीस वर्षं तुम्हाला पाणी सांगतोय. जे मी केलं त्याखाली माझं नाव वाचा. जे केलं नाही त्याखाली मागू नका. असं काहीतरी मी मनात म्हणत होतो, आणि ते म्हणताना छाती भरून आल्यासारखं वाटलं होतं. घरी येऊन बायकोला काही सांगितलं नाही.

पहाटे पाचला पाणी आलं. पाण्याच्या दिवशी आमच्या कॉलनीत झोपलेलं कुणी नसतं. मोटारी सुरू होतात, पिंपं सरकवली जातात, बायका दारातून दारात ओरडून विचारतात, तुमच्याकडे जोर आहे का. मी लुंगी खोचून पाइप धरला होता, बायको गाळणं बांधत होती, फोन आत चार्जिंगला होता. साडेपाचच्या सुमारास दार वाजलं. वाजलं म्हणजे कुणीतरी दोन्ही हातांनी बडवलं.

दार उघडलं तर साहेब. अनवाणी. त्यांच्या मागे अण्णा, अंघोळ न करताच आलेले, डोळे लाल. त्यांच्या मागे आणखी सात-आठ जण, पुरुष पुढे आणि बायका जरा लांब, डोक्यावर पदर. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. अण्णा मटकन पायरीवरच बसले आणि कन्नडमध्ये काहीतरी बोलले. त्यातलं 'शिवा' एवढंच मला कळलं.

"सर," साहेब म्हणाले, "फळ्यावर तुमचं नाव होतं."

मग उलगडा झाला. फळा वाळला होता. लाल निषेध पाण्याच्या वेळेखाली झाकला गेला होता, पण काळ्या पृष्ठभागावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' पुन्हा उमटली होती, फिकी पण वाचता येईल इतकी. मधली ओळ ती, आणि तिच्याखाली मोठ्या पांढऱ्या अक्षरांत मी. वर पाण्याची वेळ होती, पण त्याने कुणी थांबलं नाही, कारण पाणी वर आणि गेलेला माणूस खाली असा फळा मी स्वतःच कितीदा लिहिलेला होता. जिवंत माणसाचं नाव तिथे येतच नाही, हे लहान पोरालाही माहीत. दिव्याच्या उजेडात ज्याने वाचलं त्याने पुढच्याला सांगितलं. लिहिलं कुणी, हा प्रश्न त्या घाईत कुणालाच पडला नाही.

"तुम्हीच म्हणाला होता, नाव टाका," मी साहेबांना म्हणालो. हे मला गमतीने म्हणायचं होतं. ते तसं निघालं नाही.

साहेब काहीतरी बोलणार होते, तोच मागे पिंप भरून वाहायला लागलं. पाणी सांडताना आमच्याकडे कुणालाच बघवत नाही. साहेबच आत आले, वाकले आणि त्यांनी पाइप उचलून दुसऱ्या पिंपात टाकला. त्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला. बायकोने सगळ्यांना एकदा बघितलं आणि म्हणाली, "जिंदे हैं जी. चाय पीके जाव." मग सगळे एकदम हसले आणि एकदम बोलायला लागले. खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं, असं प्रत्येकाने मला वेगवेगळं सांगितलं. अण्णा मात्र चहा होईपर्यंत माझं मनगट धरून बसले होते. मला त्या वेळी फार बरं वाटत होतं. ते मी नाकारणार नाही.

सगळे गेल्यावर फोन हातात घेतला. ग्रुपवर पाच वाजून दहा मिनिटांनी साहेबांनी लिहिलं होतं: 'अत्यंत दुःखद बातमी.' पुढे माझं नाव. त्याखाली श्रद्धांजल्यांची रांग. आणि त्या रांगेत अण्णा. रोज देवाचा फोटो पुढे सारणाऱ्या अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बोटाने काही लिहिलं होतं: 'आमचे मास्तर गेले. बावीस वरस फळा त्यानीच लिवला. परवाचा निशेद बी त्यानीच लिवलता.' त्याखाली लोक सुटले होते. 'होय, सरांचंच अक्षर.' 'माझ्या वडिलांची श्रद्धांजली सरांनी लिहिली होती.' 'पहाटे अंधारात येऊन लिहायचे, कधी कुणाला सांगितलं नाही.' आईच्या 'सौ.'वरून ज्याने मला पुन्हा लिहायला लावलं होतं, त्यानेही चार ओळी लिहिल्या होत्या.

दोन दिवस मी ज्या वाक्याची वाट बघत होतो ते तिथे होतं. ते मी तीनदा वाचलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोला दाखवावं म्हणून उठलो, तोवर वरची एक ओळ बदलली. 'हा मेसेज डिलीट केला आहे.' मग त्याखालची. मग त्याखालची. माझ्या डोळ्यांदेखत एकेक जण आपली श्रद्धांजली मागे घेत होता, आणि तिच्याबरोबर बाकीचंही जात होतं. सर्वांत शेवटी अण्णांची ओळ गेली. मग साहेबांनी लिहिलं, 'गैरसमज झाला होता. सर सुखरूप आहेत.' त्यावर अंगठे आले. सगळ्याच्या वर, दोन दिवसांपूर्वीचा फळ्याचा फोटो आणि खालची नम्र अपेक्षा मात्र होती तशीच होती.

उजाडल्यावर मी फळा पुसायला गेलो. अण्णा गिरणीचा पट्टा चढवत होते.

"अण्णा, तुम्ही लिहिलेलं कुठं गेलं?"

"काडून टाकलं की. सुनंकडनं काडून घेतलं. जित्या मानसाचं तसलं ठिवू न्हाई, अपशकून असतोय."

"श्रद्धांजली काढायची होती. फळ्याचं ठेवायचं होतं."

अण्णांनी पट्टा सोडला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरोखर कळलं नव्हतं. तासाभरापूर्वी माझ्यासाठी रडलेल्या माणसाचे डोळे होते ते, अजून लालच होते.

"आता तुमी जित्ते हाय की, मास्तर," ते म्हणाले. "मग त्ये कशाला पायजे?"

मी फडकं नीट पिळून घेतलं. माझं नाव पुसलं, फळा वाळू दिला, आणि श्रद्धांजलीसकट पुन्हा पुसला. चार दिवसांनी पाण्याची वेळ आली तेव्हा ती वर लिहिली, खाली एक सुविचार लिहिला, आणि सहीची जागा तशीच सोडून घरी आलो. तेव्हापासून फळ्यावर सही नसते. अजून कुणाच्या ते लक्षात आलेलं नाही.